जुन्या जीपचा बोल्ट

मुलांनो, एखाद्या गॅरेजच्या मागे उभी असलेली जुनी जीप तुम्ही पाहिली असेल. टायर बसलेले, पत्रा गंजलेला, पण सांगाडा मजबूत. समजा, अशी जीप तुमच्या चाचांनी विकत घेतली. ती पुन्हा चालती करायची आहे आणि तुम्ही मदतीला गेला आहात. इंजिनाची आणि रंगाची काळजी सगळेच करतात. काम मात्र अडते ते एका लहानशा बोल्टपाशी.

असे का होते? जीप मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. फोर्डने तर बोल्टच्या डोक्यावरही आपले 'एफ' हे अक्षर उमटवले. हौशी माणसे तसे बोल्ट आजही भंगारात शोधत असतात! १९४७ साली विलीज जीपचे सुटे भाग मुंबईत आणून गाड्या जोडण्याचे काम सुरू झाले. ते करणाऱ्या कंपनीचे नाव तेव्हा 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. १९४८ मध्ये ते 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. या जीपचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे होते. भारतात मेट्रिक मापांचा कायदा झाला तो १९५६ साली. आज दुकानात नुसते "बोल्ट द्या" म्हटले, तर बहुधा मिलिमीटरचाच बोल्ट हाती येतो.

जीपमधला ५/१६ इंचाचा बोल्ट घ्या. त्याची जाडी ७.९४ मिलिमीटर. दुकानातला बोल्ट ८ मिलिमीटरचा. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण आटे पाहा. जीपच्या बारीक आट्यांच्या बोल्टवर एका इंचात २४ आटे असतात, तर ८ मिलिमीटरच्या साध्या बोल्टवर सुमारे २०. जुन्या भोकात नवा बोल्ट एखादा वेढा जातो आणि अडतो. मग अनाडी माणूस पान्यावर जोर देतो आणि "बसला!" म्हणतो. बोल्ट बसलेला नसतो; आतले आटे कापले गेलेले असतात. तो बोल्ट स्टीअरिंगचा असेल, तर घाटातल्या वळणावर काय होईल?

म्हणून आधी मोजा. आटे मोजायचे पिच गेज मिळते. त्याची दातेरी पाती आट्यांवर टेकवा. मध्ये फट दिसली नाही, की माप जुळले. बोल्टचे डोकेही पाहा. इंचाच्या पोलादी बोल्टवर तीन रेघा असतील तर तो मजबूत, सहा असतील तर त्याहून मजबूत. मिलिमीटरच्या बोल्टवर रेघांऐवजी ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. काहीच खूण नसलेला चकचकीत बोल्ट ब्रेकला लावू नका, मग तो कितीही स्वस्त मिळो.

प्रत्येक बोल्ट काढला की पिशवीत ठेवा आणि तो कुठला ते वर लिहा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा.

आता पुस्तकाविषयी. युद्धातल्या जीपसाठी अमेरिकन सैन्याने १९४४ साली 'टी.एम. ९-८०३' नावाची पुस्तिका काढली. अशा पुस्तिका आज संगणकावरही वाचता येतात. पुस्तक उघडण्याची सवय का हवी, ते एका उदाहरणावरून कळेल. सैन्याच्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटतात. हे ठाऊक नसलेला माणूस ते नेहमीच्या दिशेने सोडवू लागतो. नट आणखी आवळत जातो आणि शेवटी बोल्टच तुटतो.

मात्र पुस्तक त्याच गाडीचे हवे. भारतात खूप चाललेल्या सीजे-३बी जीपचे इंजिन वेगळे आणि उंच. म्हणून तिचे बॉनेटही उंच. तिच्या इंजिनाला युद्धातल्या जीपचे पुस्तक चालणार नाही. शिवाय पुढे अनेकांनी पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले. तुमच्या चाचांच्या जीपमध्ये फ्रान्सच्या पेजो कंपनीच्या रचनेचे इंजिन असेल, तर इंजिनाचे बोल्ट मिलिमीटरचे आणि सांगाड्याचे इंचाचे निघतील. तेव्हा पेटीत पान्यांचे दोन संच ठेवा आणि पुस्तकेही दोन शोधा.