बोलपटातील ध्वनीची रचना

मनुष्याचा कान नको असलेला आवाज बाजूस सारतो. मायक्रोफोनला ते साधत नाही. १९३१ साली अर्देशीर इराणी यांनी मुंबईत ‘आलम आरा’ हा बोलपट निर्माण केला, तेव्हा स्टुडिओलगत आगगाड्या धावत. त्यांचा खडखडाट संवादांत उतरू नये म्हणून बरेच चित्रण गाड्या थांबल्यावर, उत्तररात्री करावे लागे.

पुढे संवाद, संगीत व इतर ध्वनी वेगवेगळे मुद्रित करून मागाहून मिसळण्याची रीत पडली. पावलांचा आवाजदेखील पडद्यावरील नटाकडे पाहत दुसराच कोणी चालून देतो. काम दिसते तितके सोपे नव्हे: सेकंदास २४ चित्रे सरकतात, आणि पाऊल थोड्या चित्रांनी चुकले तरी खोटे वाटते.

शिकणाऱ्याने प्रथम आपल्या वर्गातील पाच मिनिटांचा आवाज मुद्रित करून ऐकावा. पंखा, बाकांची करकर, बाहेरचा रस्ता, असे एरवी ध्यानात न आलेले सारे तेथे गुरुजींच्या शब्दांशेजारी हजर असते.