कड्याच्या काठावरचं पहिलं पाऊल: धंद्यातली भीती कशी हाताळायची?



आपल्या बॅचमध्ये मी नेहमी एक प्रश्न विचारतो, "धंदा का अडलाय?" उत्तरं येतात भांडवल नाही, जागा नाही, माणसं मिळत नाहीत. पण क्लास सुटल्यावर चहाच्या गाड्यावर खरं उत्तर ऐकायला मिळतं. "सर, कंपनीत जाऊन बोलायची भीती वाटते." "सर, उधारी मागायला लाज वाटते."

आजचा धडा याच भीतीवर आहे. व्हिडिओत वेळेअभावी राहिलेला भाग इथे सविस्तर लिहितोय. आणि सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

विकतो मी, पण कधी घातला नव्हता

कागल पंचतारांकित एमआयडीसीत माझं दुकान आहे. हातमोजे, हेल्मेट, सेफ्टी शूज, गॉगल आणि उंचीवर काम करणाऱ्यांसाठी सेफ्टी बेल्ट हा माझा माल. फुल बॉडी हार्नेस म्हणजे काय, त्यावर आयएस ३५२१ का बघायचं, डबल हुक का घ्यायचा, हे मी गिऱ्हाईकाला झोपेतसुद्धा सांगेन. पण तो पट्टा घालून मी स्वतः एकदाही लटकलो नव्हतो. खरं सांगायचं तर दुकानाच्या माळ्यावर चढायलाही मी पोराला पाठवायचो.

त्याच काळात दुसरी एक भीती पोटात होती. एका मोठ्या गिऱ्हाईकाकडे माझे २,३६,००० रुपये अडकले होते. ठरलेली मुदत ४५ दिवसांची, आणि होऊन गेले होते ११२ दिवस. मी फोन करत नव्हतो. मनात एकच हिशोब चालायचा: मागितले तर चिडतील, चिडले तर ऑर्डर बंद होईल. इकडे बँकेच्या सीसीचं व्याज दर महिन्याला कापलं जात होतं.

मोहीम निघाली

अशात ओळखीच्या एका गिर्यारोहक ग्रुपचा निरोप आला. पन्हाळ्याच्या पलीकडे, मसाई पठाराच्या बाजूच्या एका वाडीतल्या शाळेला वह्या, दप्तरं आणि बूट पोचवायचे होते. शनिवारी शाळा, रविवारी कड्यावर रॅपलिंगचा सराव. मी वह्या-बूटांसाठी गेलो, दोरासाठी नाही. दुकानातल्या पोरालाही सोबत घेतलं.

हा प्रदेश आपल्याला वेगळा सांगायला नको. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज याच बाजूने विशाळगडाकडे गेले. दर पावसाळ्यात कोल्हापूरची हजारो माणसं पन्हाळा ते पावनखिंड ही वाट चालतात. आम्ही हिवाळ्यात गेलो होतो, त्यामुळे वाट कोरडी होती आणि हवा थंड.

शाळेत बूट वाटताना एका चौथीतल्या पोरीने विचारलं, "तुम्ही पण उद्या दोरावरून उतरणार?" तिच्याकडे बघून "नाही" म्हणवेना. "हो" म्हणून बसलो, आणि रात्रभर झोप नाही.

काठावर काय झालं

रविवारी सकाळी कड्यावर उभा राहिलो. हार्नेस घातला, हेल्मेट घातलं, दोर लागला. पाय मात्र हलेनात. दहा मिनिटं गेली. मागून आमचा पोरगा म्हणतो, "मालक, हे तर आपणच विकतो की!"

सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य लागलं. आपल्या मालावर आपलाच भरोसा नाही, आणि गिऱ्हाईकाने ठेवावा अशी अपेक्षा!

दोर सांभाळणारा प्रशिक्षक माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. तो तीनच गोष्टी बोलला. त्या जशा कळल्या तशा सांगतो.

१. आधी काय काय बांधलंय ते तपासा. त्याने मला प्रत्येक बकल, प्रत्येक गाठ, कॅराबिनरचं लॉक स्वतःच्या हाताने तपासायला लावलं. उतरायचा दोर वेगळा आणि सुरक्षेचा दोर वेगळा. माझा हात सुटला तरी दुसऱ्या दोराने मला धरलेलं असणार होतं. भीती गेली नाही, पण "पडलो तर?" या प्रश्नाला उत्तर मिळालं.

२. कड्याला मिठी मारू नका, मागं रेला. हे सगळ्यात अवघड. घाबरलेला माणूस कड्याला चिकटतो. चिकटलं की पाय सरळ खाली सटकतात. उलट पाय थोडे फाकवून, मागं रेलून वजन दोरावर टाकलं, की तळवे खडकाला दाबले जातात आणि पकड येते. म्हणजे भीती जे करायला सांगत होती, तेच धोक्याचं होतं.

३. फक्त पुढचं पाऊल. "खाली बघत बसू नका दादा, पुढचं पाऊल कुठं ठेवायचं तेवढंच बघा." सगळ्यात वाईट होतं काठ ओलांडायचं पहिलं पाऊल. त्यानंतर प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा सोपं गेलं.

खाली पोचलो तेव्हा हातपाय थरथरत होते. शूर वगैरे काही झालो नव्हतो. फक्त एक कळलं, की भीती वाटत असतानाही काम करता येतं.

सोमवारी मी काय केलं

रविवारचा उत्साह बुधवारपर्यंत टिकत नाही, म्हणून सोमवारीच हललो. तेच तीन नियम.

*तपासणी:* तिन्ही बिलं, चलनं, परचेस ऑर्डर टेबलावर काढली. आणि तिथेच घाम फुटला. ८८,४०० च्या बिलाच्या चलनावर पीओ नंबरच नव्हता! चूक माझ्याच दुकानाची. ११२ दिवस मी त्या कंपनीला मनात शिव्या घालत होतो.

*मागं रेलणं:* मला फोन करायचा होता, कारण फोन लागला नाही तर सुटका. म्हणून वेळ घेऊन प्रत्यक्ष गेलो. परचेसवाल्या साहेबांना म्हणालो, "साहेब, तीन बिलं थकलीत. एकात माझी चूक आहे, दुरुस्त चलन आणलंय. बाकीच्या दोन बिलांची तारीख सांगता का?" वाद नाही, रडगाणं नाही.

*पुढचं पाऊल:* त्यांनी अकाउंट्सला फोन लावला. दोन बिलं मंजूर होऊन पडली होती, कुणी विचारलंच नव्हतं. ते १,४७,६०० दहा दिवसांत आले. तिसऱ्या बिलाला स्टोअरमध्ये माल जमा झाल्याची नोंद नव्याने करावी लागली, त्यात सहा आठवडे गेले. तेवढ्या काळाचं व्याज माझ्या खिशातून गेलं. ऑर्डर मात्र बंद झाली नाही.

थांबा, भीतीचं ऐकायचंही असतं

हा लेख वाचून कुणी उद्या घर गहाण टाकून मशीन घेऊ नका. प्रत्येक भीती खोटी नसते.

आपल्या कोल्हापूरची कस्तुरी सावेकर बघा. २०२१ मध्ये खराब हवामानामुळे तिला एव्हरेस्टवरून माघार घ्यावी लागली. मे २०२२ मध्ये ती परत गेली आणि ८,८४९ मीटरच्या शिखरावर पोचली. पहिल्या वेळी हट्ट धरला असता तर दुसरी वेळ आलीच असती याची खात्री नाही.

महाराजांनी पन्हाळा सोडला तोही अंगात आलं म्हणून नाही. वाट ठरलेली होती, माणसं ठरलेली होती, शत्रूला गुंगवायला शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसले होते आणि मागे खिंड अडवायला बाजीप्रभू होते. धाडसाच्या आधी केवढी तयारी!

म्हणून भीती वाटली की स्वतःला विचारा: ही भीती आकड्याची आहे की अपमानाची? आकड्याची असेल, म्हणजे पैसे बुडतील, हप्ता झेपणार नाही, तर थांबा आणि दोर तपासा. "नाही म्हणतील", "काय वाटेल त्यांना" अशी असेल, तर मागं रेला आणि पाऊल टाका.

उधारीवाल्यांसाठी सुरक्षेचा दोर

तुम्ही उत्पादक किंवा सेवा देणारे सूक्ष्म वा लघु उद्योजक असाल तर उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा. एमएसएमईडी कायदा २००६ नुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते.

पण माझ्यासारख्या दुकानदारांनी नीट ऐका. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जाच्या फायद्यापुरती. थकबाकीचं हे संरक्षण त्यात येत नाही. आपला दोर म्हणजे नीट चलन, पीओ नंबर, पोच घेतलेली सही आणि वेळेवर विचारणा. बेल्ट विकताना मी जे सांगतो तेच इथे लागू: पडल्यावर नाही, चढण्याआधी बांधायचा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुम्ही टाळत असलेलं एक काम वहीत लिहा. एकच.
२. त्यापुढे लिहा: आकड्याची भीती की अपमानाची?
३. वाईटात वाईट काय होईल, आणि तेव्हा तुम्हाला कोण किंवा काय धरून ठेवेल?
४. पहिलं पाऊल लिहा. तारीख आणि वेळ टाका. पाऊल पंधरा मिनिटांत होण्यासारखं हवं.
५. एका माणसाला सांगून ठेवा. मला त्या पोरीने अडकवलं म्हणून मी उतरलो.

आता दुकानाच्या माळ्यावर मीच चढतो. अजूनही शिडीच्या वरच्या पायरीवर पोटात गोळा येतो. पण माल खाली येतो, हे महत्त्वाचं.

वही उघडा, आजच लिहा. भेटूया पुढच्या धड्यात!