पाण्याच्या वाटेवरचा रस्ता

वर्षातले काही महिने जिथे पाणी साचते, मुरते किंवा वरून येऊन सावकाश पुढे सरकते आणि जिथली माती, गवत, पाखरे त्या पाण्याच्या हिशेबाने राहतात, ती जागा पाणथळ. ती बारमाही ओली असतेच असे नाही. म्हैसूर जिल्ह्याच्या नैऋत्येला असलेल्या हेग्गडदेवनकोटे, म्हणजे एच. डी. कोटे भागात अशा जागा पदोपदी भेटतात. सरगूर वेगळा तालुका होण्यापूर्वीच्या जुन्या कोटे तालुक्यात कबिनी, नुगू, तारका आणि हेब्बळ्ळ अशी चार धरणे होती. त्यांतले बीचनहळ्ळीचे कबिनी धरण 1974 सालचे असून त्याची साठवणक्षमता 19.52 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पण जागा घेऊन घर बांधणाऱ्याची गाठ पडते ती या मोठ्या जलाशयांशी कमी आणि गावतळ्यांशी जास्त. अशा तळ्याला कन्नडमध्ये केरे म्हणतात.

केरे म्हणजे नुसता खड्डा नव्हे. माळावरचे पाणी ज्या मुख्य ओहोळातून तळ्यात येते तो राजकालुवे. तळ्याला खालच्या अंगाला मातीचा बांध, बांधात पाणी सोडायचा दरवाजा तो तूबु, जादा पाणी सांडते ती कोडी आणि बांधाखाली भिजणारी भातखाचरे म्हणजे अच्चुकट्टु. एका केरेच्या कोडीवरून सांडलेले पाणी पुढच्या केरेत जाते. अशी तळ्यांची माळ ओवलेली असते. मधला एक ओहोळ बुजला की वरच्या बाजूला पाणी तुंबते आणि खालचे तळे उपाशी राहते.

या भागात घरांसाठी जमीन मागणारे लोक वाढले आहेत. म्हैसूर सुमारे पन्नास किलोमीटरवर, शेजारी नागरहोळे आणि बंडीपूरचे जंगल, समोर कबिनीचे पाणी. विकासक बहुधा उंचवट्यावरची जमीन निवडतो आणि ते योग्यही असते. अडचण उंचवट्यावर पोहोचण्याची असते. मुख्य रस्ता आणि उंचवटा यांच्यामध्ये सखल पट्टा येतो. तिथे घरे नसतात, झाडे तोडावी लागत नाहीत, अंतर सरळ असते आणि उन्हाळ्यात तो पट्टा वाळून कडक झालेला असतो. म्हणून पोहोच रस्ता तिथूनच आखला जातो.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने कोट्याजवळच्या अशाच एका लेआउटमध्ये 40 बाय 60 ची साइट घेतली. जागा फेब्रुवारीत पाहिली. मुख्य रस्त्यापासून आत तीस फुटी मुरमाचा रस्ता, त्यावर नुकताच रोलर फिरवलेला, दोन्ही कडांना चुन्याच्या पांढऱ्या रेघा. मध्ये एका उतारावर रस्त्याखाली दोन सिमेंटचे ह्यूम पाइप टाकलेले होते, प्रत्येकाचा व्यास दोन फूट. पाइपांच्या तोंडाशी मातीला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांच्या कडेने वाळलेला लव्हाळा उभा होता. लव्हाळा कोरड्या माळावर उगवत नाही हे तिथे असलेल्या सगळ्यांना ठाऊक होते, पण त्या दिवशी त्याच्याकडे कोणी बघितले नाही. शेजारच्या खाचरातला एक वयस्कर शेतकरी गाडीजवळ येऊन इतकेच म्हणाला, “नीरिगे दारि बिडि.” पाण्याला वाट ठेवा. तो वाटेच्या हक्काबद्दल कुरकुर करतो आहे, असे सोबतच्या दलालाने समजावले.

खरेदीखत झाले, खाते नावावर चढले. ऑक्टोबरच्या पावसात त्या उतारावर पाणी आले. पाइपांच्या तोंडात जलपर्णी, पेंढा आणि प्लास्टिक अडकले. वरच्या अंगाची पोटरीला आलेली भातखाचरे आठवडाभर पाण्याखाली राहिली आणि खालचे केरे निम्मेही भरले नाही. एका रात्री कोणीतरी फावड्याने रस्ता फोडला. सकाळी तिथे आठ फुटांची खांड पडली होती आणि तिच्यातून गढूळ पाणी वेगाने खाली धावत होते.

मग भांडणे, तक्रारी आणि मोजणी झाली. मोजणीत कळले की त्या उतारावरचा रस्त्याचा तुकडा ‘ब’ खराब, म्हणजे सरकारी, म्हणून नोंदलेल्या ओहोळावर होता. भराव काढण्याची नोटीस आली, तेव्हा विकासक परवानगीच्या मागे लागला. वरातीमागून घोडे. पोहोच रस्ता वादात सापडल्यामुळे बँकेने घरबांधणीचे कर्ज थांबवले. साइटची कागदपत्रे मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत निर्दोष होती. दोष सगळा रस्त्याच्या कागदात होता आणि तो कागद कोणी मागितलाच नव्हता.

रस्ता पाणी कसे अडवतो

सखल पट्ट्यातला भराव म्हणजे ध्यानीमनी नसताना बांधलेला बांध. ओहोळ वीस फूट रुंद आणि पुराच्या वेळी तीन फूट खोल वाहत असेल, तर पाण्याला साठ चौरस फुटांची वाट लागते. दोन फूट व्यासाचे दोन पाइप मिळून जेमतेम सव्वासहा चौरस फूट वाट देतात, म्हणजे दहावा हिस्सा. त्यात कचरा अडकला की तीही उरत नाही. शिवाय पाणथळीतले सगळे पाणी ओहोळातून वाहत नसते. बरेचसे मातीच्या वरच्या थरातून पाझरत जाते आणि रोलरने दाबलेला भराव त्या पाझराला आडवा येतो.

भरावाचेही हाल होतात. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. तिच्यावर थेट मुरूम टाकला तर तो हळूहळू खाली बसतो आणि रस्त्याला चाकोऱ्या पडतात. कडा पाण्यात भिजून ढासळतात. दर वर्षी नवा मुरूम टाकावा लागतो आणि दर वर्षी रस्ता थोडा उंच, म्हणजे बांध थोडा पक्का होतो.

हेच मोठ्या प्रमाणावर घडले की बातमी होते. सप्टेंबर 2022 मध्ये बंगळुरूच्या बेळंदूर आणि सर्जापूर रस्ता परिसरात महागड्या बंगल्यांमधून लोकांना ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावे लागले. तळी आणि त्यांना जोडणारे राजकालुवे आक्रसल्याची किंमत तिथे एका आठवड्यात दिसली. समुद्रकाठी चित्र उलटे असते, पण कारण तेच. नवी मुंबईत नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्यावर फ्लेमिंगोंचे तळे कोरडे पडू लागले.

कायदा कुठे आहे आणि कुठे नाही

पाणथळ म्हटले की 2017 चे केंद्रीय पाणथळ नियम आठवतात. त्यांनुसार पाणथळीचा अन्य कामासाठी वापर करण्यास मनाई आहे आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही. पण हे नियम आंतरराष्ट्रीय रामसर करारातल्या स्थळांना आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळींना लागू होतात. नदीचे पात्र, भातखाचरे आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्यांतून वगळलेले आहेत. कोट्यातली बहुतेक केरे सिंचनासाठीच बांधलेली. म्हणून “ही जागा पाणथळींच्या यादीत नाही” हे विकासकाचे वाक्य खरे असू शकते आणि तरीही रस्ता बेकायदा असू शकतो.

कारण केरेला राज्याचे वेगळे संरक्षण आहे. तळ्यांच्या संवर्धनासाठी कर्नाटकाने 2014 मध्ये केलेल्या कायद्यात तळे म्हणजे फक्त पाण्याचा पसारा नव्हे. त्यात बांध, तूबु, कोडी आणि पाणी आणणारे राजकालुवेही येतात. तळ्याच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत घरे आणि व्यापारी बांधकामे करण्यास या कायद्याने मनाई केली आणि सार्वजनिक रस्ते व पूल यांना सवलत दिली. खाजगी लेआउटचा पोहोच रस्ता या सवलतीत आपोआप बसतो असे धरून चालू नये. ही अंतरे बदलण्याचे प्रयत्न होत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम लेखी विचारून घ्यावा.

बंगळुरूचे आकडे इथे लावू नयेत. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये तिथल्या तळ्यांभोवती 75 मीटरचा पट्टा ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये तो वाढीव पट्टा रद्द केला. गावाच्या सामाईक तळ्यांवरची आणि जमिनींवरची अतिक्रमणे हटवावीत, हे मात्र त्याच न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात 2011 मध्ये स्पष्ट सांगितले आहे आणि ते सगळीकडे लागू आहे.

कोणाची परवानगी

शेतजमीन बिगरशेती करण्याचा आदेश 1964 च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम 95 खाली जिल्हाधिकारी देतात. लेआउटचा नकाशा नगररचना खाते पाहते. हे दोन्ही कागद साइटच्या सर्वे नंबरांपुरते असतात. पोहोच रस्ता ज्या सर्वे नंबरांतून येतो ते बहुधा दुसरेच असतात.

ओहोळ किंवा केरे ओलांडायचे असेल तर ते कोणाच्या ताब्यात आहे हे आधी पाहावे. 40 हेक्टरपर्यंत भिजवणारी तळी पंचायतींकडे असतात, त्यापुढची 2,000 हेक्टरपर्यंतची लघुपाटबंधारे खात्याकडे. कबिनीचे कालवे कावेरी नीरावरी निगमकडे आहेत. कालव्याच्या कडेचा रस्ता देखभालीसाठी असतो. त्यावरून वाहने जाताना दिसतात म्हणून तो लेआउटचा हक्काचा रस्ता होत नाही. बंडीपूरभोवतीचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा 2012 मध्ये अधिसूचित झाला. जंगलाच्या बाजूच्या गावात वनखात्याचे म्हणणेही लागते.

कागद कोणते पाहावेत

कर्नाटकाच्या महसुली दप्तरातले बरेच शब्द मराठी माणसाच्या कानाला ओळखीचे आहेत. आपल्या सातबाऱ्याच्या जागी तिथे आरटीसी, म्हणजे पहाणी. तिच्यात पोटखराबा ‘अ’ आणि ‘ब’ असा विभागलेला असतो. ‘अ’ म्हणजे नांगराला न येणारी जमीन. ‘ब’ म्हणजे ओहोळ, वाट, मसणवटा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली, म्हणजे सरकारची. मालक ती विकू शकत नाही. खरेदीखतात एकूण क्षेत्र लिहून ‘ब’ खराब त्यातच गिळलेला आढळतो.

पुढचे कागद आकारबंद, टिप्पण आणि गावनकाशा. आकारबंद क्षेत्र सांगतो, टिप्पण हद्दी सांगते आणि गावनकाशावर ओहोळ व जुन्या गाडीवाटा उमटलेल्या असतात. नकाशावर दाखवलेल्या वाटेला तिथे नकाशे दारी म्हणतात आणि तिला वजन असते. तोंडी दिलेल्या वाटेला ते नसते. सर्वे खात्याच्या दिशांक अॅपवर उभ्या जागेचा सर्वे नंबर दिसतो. पोहोच रस्त्यावरून चालत जाऊन दर शंभर पावलांवर नंबर टिपून घ्यावा आणि त्या प्रत्येक नंबराची पहाणी काढावी. हे काम एका दुपारचे आहे.

रस्त्यासाठी घेतलेली पट्टी सरकारने अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेल्या जमिनीतली असेल, तर 1978 च्या कायद्यानुसार सरकारच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही. धरण आणि जंगल यांमुळे विस्थापित झालेल्यांच्या या मुलखात ही तपासणी टाळू नये.

भूखंडांचा प्रकल्प 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल, तर 2016 च्या रेरा कायद्याखाली त्याची नोंदणी लागते. रेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा असतो. जाहिरातीतला रस्ता आणि नकाशातला रस्ता एकच आहे का, हे तिथेच जुळवून पाहावे.

जमीन काय सांगते

कागदांइतकीच साक्ष जमीन देते. लव्हाळा, पाणकणीस, खोडांवर चिखलाची एकाच उंचीची रेघ, विजेच्या खांबाभोवती रचलेले दगड, कुंपणाच्या तारेत अडकलेला पेंढा या पाण्याच्या खुणा आहेत. जागा दोनदा पाहावी, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसात. या भागाला नैऋत्य मोसमी पाऊस मिळतो आणि परतीचा पाऊसही, त्यामुळे ऑक्टोबरची खेप चुकवू नये. गावात दोन प्रश्न विचारावेत: कोडी शेवटची कधी सांडली, आणि तेव्हा पाणी कुठपर्यंत आले होते.

रस्ता टळत नसेल तर

पहिला पर्याय वळसा. उंचीची समान रेषा धरून केलेला रस्ता लांब पडतो, पण त्याला पाइप, भराव आणि भांडण तिन्ही कमी लागतात. तो शक्य नसेल तर ओलांडणी अरुंद जागी आणि काटकोनात करावी. मोरीची रुंदी बाजारात मिळणाऱ्या पाइपावरून न ठरवता ओहोळाच्या पूररेषेवरून ठरवावी. पाइपांऐवजी बॉक्स मोरी किंवा छोटा पूल घ्यावा आणि त्याचा तळ ओहोळाच्या तळाशी जुळवावा. काळ्या मातीवर आधी जिओटेक्स्टाइलची चादर, मग खडी, मग मुरूम. ओहोळाबाहेरच्या सखल पट्ट्यात पाझराच्या पाण्यासाठी ठरावीक अंतराने लहान मोऱ्या ठेवाव्यात. काम कोरड्या महिन्यांत उरकावे. मोऱ्यांची तोंडे पावसाआधी कोण साफ करणार, हे लेआउटच्या करारातच लिहावे.

साइट आधीच घेतली असेल तर

तलाठ्याचे काम तिथे करणाऱ्या ग्राम प्रशासन अधिकाऱ्याकडून पोहोच रस्त्याच्या सर्वे नंबरांचे उतारे घ्यावेत आणि सरकारी मोजणी मागावी. भराव ओहोळावर असल्याचे निघाले तर परवानगीआधी पाणी मोकळे करावे. नैसर्गिक उताराने येणारे पाणी खालच्या जमिनीने अडवू नये, हे तत्त्व 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातही लिहिलेले आहे आणि अशा वादात बहुधा वरच्या शेतकऱ्याचीच बाजू भक्कम ठरते. जाहिरातीत रस्ता दाखवून तो कायदेशीर मिळाला नसेल, तर रेराच्या कलम 12 खाली भरपाई किंवा व्याजासह पैसे परत मागता येतात. जमिनीच्या हक्कातच दोष असेल तर कलम 18 खाली भरपाईचा दावा करता येतो. साइटधारकांनी एकत्र येऊन एकच तक्रार करावी. मोजणीचा खर्च वाटला जातो आणि नव्या रस्त्यासाठी शेजारच्या शेतकऱ्यांशी बोलणारे तोंड एकच राहते. प्रस्तुत लेखकाच्या लेआउटचा तिढा असाच सुटला. फोडलेली खांड तशीच ठेवून तिच्यावर स्लॅबची मोरी घातली गेली आणि तिची रुंदी शेजारच्या खाचरवाल्यांनी काठीने मोजून दिली.