आधी गल्ली, मग शहर

साताऱ्यात सण शोधायला कुणी बाहेर पडत नाही. वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन गल्लीतली पोरं दारात येतात, मांडव रस्त्यातच पडतो आणि मूल चालायला लागलं की आपसूक त्या गर्दीत मिसळतं. म्युनिकमध्ये तसं होत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो तेव्हा लेक साडेतीन वर्षांची होती. सुरुवातीला तिचं जग म्हणजे घर, समोरची बाग आणि सुपरमार्केट. रविवारी तर दुकानंही बंद. या शहरात उत्सवांना तोटा नाही, वर्षभर काही ना काही चालूच असतं. पण ते दारात येत नाहीत. लहान मुलाला घेऊन जायचं तर कुठल्या दिवशी, किती वाजता, बरोबर काय घेऊन, हे ठाऊक असावं लागतं. माझं मत आता पक्कं झालंय: परदेशात मुलाला उत्सव दाखवणं सोपं आहे. तिथल्या लोकांत त्याची ओळख होणं अवघड, आणि ती होते घराजवळच्या छोट्या उत्सवांतच. नव्याने आलेल्या मैत्रिणी विचारतात तेव्हा मी जे सांगते, ते इथे लिहितेय.

१. घरापासून चालत जाता येईल तिथून सुरुवात करा.

म्युनिकचे २५ प्रभाग आहेत. प्रत्येकाची स्वतःची निवडून आलेली समिती असते आणि गल्लीतल्या छोट्या-मोठ्या कार्यक्रमांना तीच पैसे देते. त्यामुळे खरा मजकूर शहराच्या चकचकीत पत्रिकांत सापडत नाही. तो बेकरीच्या दारावर, वाचनालयाच्या फलकावर, आपल्याच इमारतीच्या जिन्यात चिकटवलेला असतो. शहराच्या वाचनालयात मुलांना कार्ड फुकट मिळतं. ते काढायला जा आणि येताना फलकाचा फोटो काढून आणा. भाषा येत नसली तरी तारीख, वेळ आणि पत्ता कळतोच.

उन्हाळ्यात इथे होफफ्लोमार्क्ट भरतात, म्हणजे अंगणातले जुने बाजार. एकेका वस्तीला एक शनिवार ठरलेला असतो. ज्या इमारती भाग घेतात त्यांच्या फाटकाला फुगे बांधलेले असतात. फुगे दिसले की बेधडक आत जायचं. एरवी ही अंगणं बाहेरच्यांना दिसतही नाहीत. त्या दिवशी तिथे घडीची टेबलं लागतात, जुने कोट, पुस्तकं, तबकड्या मांडल्या जातात, कुणीतरी थर्मासमधून कॉफी देतं, कुणी घरचा केक विकतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात थांबवून विचारलं, “तुम्ही लावणार ना टेबल? मुलीला विकू द्या तिची खेळणी.” लेकीने चटई अंथरली, लहान झालेले बूट आणि कोडी मांडली. समोरच्या इमारतीतल्या एका मुलाने तिच्याशी घासाघीस करून पन्नास सेंटला लाकडी आगगाडी नेली. पुढच्या आठवड्यात तो बागेत भेटला आणि दुरूनच तिच्या नावाने हाक मारली. या शहरात घरच्यांखेरीज कुणी तिला नावाने हाक मारायची ती पहिली वेळ. कुठल्याही तिकिटाच्या कार्यक्रमाने हे दिलं नसतं.

२. किटाचं प्रत्येक पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

किटा म्हणजे इथलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. तिथून येणाऱ्या पत्रकात शेवटी बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं त्यावर सगळं अवलंबून असतं. ११ नोव्हेंबरच्या सुमाराला संत मार्टिनची मिरवणूक निघते. मार्टिन हा रोमन सैनिक. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने तलवारीने आपला झगा कापून अर्धा दिला, अशी कथा. त्याच्या आठवणीत मुलं कागदी कंदील घेऊन अंधारात चालतात. काही ठिकाणी पुढे खरा घोडा आणि त्यावर लाल झगा घातलेला स्वार असतो. पत्रकाच्या शेवटी लिहिलेलं असतं: स्वतःचा कप आणा. मिरवणूक संपली की मुलांसाठी मसाला घातलेला गरम फळांचा रस असतो, आणि तो एकवेळ वापरायच्या पेल्यात देत नाहीत.

कंदील करायला किटात एक दुपार ठेवतात आणि पालकांना बोलावतात. तिथे जाच. पारदर्शक रंगीत कागद, खळ, तार आणि टोकाला दिवा असलेली काठी, एवढंच सामान. लहान खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले आईबाप एकमेकांना कात्री देतात. मोडक्या भाषेतही त्या दुपारी गप्पा होतात, कारण हात कामात असतात. आपली दिवाळीही त्याच सुमाराला येते. आकाशकंदील करणाऱ्या हातांना हे काम शिकवावं लागत नाही. मी कामट्या नेल्या नव्हत्या, पण कागदाच्या करंज्या चिकटवून झिरमिळ्या लावल्या. शेजारच्या दोन मुलींनी तशाच मागितल्या. बाईंनी मग मला विचारलं की पुढच्या वर्षी सगळ्या मुलांना हे शिकवाल का. शिकवलं, आणि अजून शिकवते.

किटाच्या उन्हाळी मेळाव्याची यादी भिंतीवर लागते: कोण केक आणणार, कोण टेबलं लावणार, कोण आवरणार. त्यात नाव लिहा. भाषा कच्ची असेल तर आवरण्यासमोर लिहा. त्यात बोलावं फारसं लागत नाही, आणि लोक लक्षात मात्र ठेवतात. पदार्थ नेलात तर त्यात शेंगदाणे, काजू, तीळ, दूध काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहून ताटलीपाशी ठेवा. ॲलर्जीचा प्रश्न इथे फार गांभीर्याने घेतात आणि चिठ्ठी नसलेल्या ताटलीकडे मुलांना जाऊ देत नाहीत.

३. मोठा उत्सव मुलांच्या वेळेला गाठा.

ऑक्टोबरफेस्टला लहान मुलांना नेऊ नये असं आपल्याकडचे बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. १८१० साली युवराज लुडविग आणि थेरेझ यांच्या लग्नसोहळ्यातून सुरू झालेला हा उत्सव मुळात शहराचा आहे. फक्त वेळ निवडावी लागते. मंगळवार हा कुटुंबांचा दिवस, त्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत पाळणे आणि खेळ स्वस्त असतात. सकाळी जाऊन दुपारी तीनच्या आत परत या. सहा वर्षांखालच्या मुलांना रात्री आठनंतर तंबूत थांबू देत नाहीत. शनिवारी बाबागाडी मैदानात नेताच येत नाही, इतर दिवशीही संध्याकाळी सहानंतर नाही. ज्या भागाला ‘जुनं वीझन’ म्हणतात तिथे थोडं प्रवेशशुल्क आहे, पण जुन्या पद्धतीचे पाळणे, बाहुल्यांचे खेळ आणि शांतता मिळते. लहान मुलं असतील तर मी थेट तिकडेच न्यायला सांगते.

त्याहून मला आवडते ती आउअर डुल्ट. मारियाहिल्फप्लाट्झच्या चर्चभोवती ही जत्रा वर्षातून तीनदा भरते: मेच्या सुमारास, जुलैच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये, प्रत्येक वेळी नऊ दिवस. चिनीमातीच्या भांड्यांच्या रांगाच्या रांगा, हातातला कुंचा फिरवून दाखवत बोलणारे विक्रेते, काडीला लावून भाजलेला मासा, आणि मुलांसाठी एक छोटा जुना पाळणा. औंधच्या यात्रेत वाढलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. मधल्या दिवशी दुपारी गेलात तर मूल हरवायची धास्तीही नाही.

जुलैमधल्या एका रविवारी पहाटे इंग्लिश गार्डनमध्ये चिनी मनोऱ्याखाली हजारो लोक नाचायला जमतात. त्याला कोखर्लबाल म्हणतात. एकोणिसाव्या शतकात घरकाम करणारी माणसं, स्वयंपाकिणी, नोकर, मालकांची उठायची वेळ व्हायच्या आत इथे नाचून घेत. १९०४ मध्ये नीतिमत्तेचं कारण देऊन हे बंद केलं, १९८९ मध्ये पुन्हा सुरू झालं. सहाला सुरुवात, दहाला शेवट. ज्या घरात मूल पहाटे पाचला उठतं त्या घरासाठी याच्याइतका सोयीचा उत्सव नाही.

४. डबा घेऊन जा.

बिअरगार्टन हे नाव ऐकून पुष्कळ कुटुंबं तिकडे फिरकत नाहीत, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. बव्हेरियाच्या राजाने १८१२ मध्ये बिअर गाळणाऱ्यांना तळघरापाशी बिअर विकायची परवानगी दिली, पण जेवण विकायला मनाई केली. म्हणून लोक घरून खाणं आणू लागले. तो रिवाज आजही चालू आहे आणि १९९९ च्या सरकारी नियमात त्याचा उल्लेखही आहे. टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलावर बसायचं, पेय तिथलं घ्यायचं, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडाही चालतो, आणि डबा आपला उघडायचा. आम्ही थालीपीठ, लोणी, काकडीची कोशिंबीर नेतो. बाकं लांबलचक, त्यामुळे अनोळखी माणसं शेजारी बसतातच. “इथे जागा आहे का?” एवढं जर्मन पुरतं. हिर्शगार्टनमध्ये मुलांना कुंपणापलीकडची हरणंही बघता येतात. शाकाहारी घरांना, बाहेर काय खायचं हा रोजचा घोर असतो. तो इथे राहत नाही.

५. पाऊस आला म्हणून कार्यक्रम रद्द होईल असं समजू नका.

होत नाही. मुलांसाठी रबरी बूट आणि चिखलात बसता येईल अशी वरून घालायची जलरोधक पँट पहिल्याच महिन्यात घ्या. अंगणातल्या बाजारात दोन-तीन युरोला मिळते.

६. मंडळात जा, आणि कामाला लागा.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना मोठी परंपरा आहे, लंडनचं मंडळ तर १९३२ पासूनचं. म्युनिकमध्येही मंडळ आहे, गणपती होतो, दिवाळी होते. इथे संस्था नोंदवायला कमीत कमी सात सभासद लागतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच संस्थांचं काम तेवढीच माणसं ओढत असतात. सण तिथीला नसतो, जवळच्या शनिवार-रविवारी असतो. सभागृह भाड्याचं, बहुतेकदा एखाद्या चर्चचं नाहीतर प्रभागाच्या सांस्कृतिक केंद्राचं. रात्री दहानंतर आवाज चालत नाही. आगीचे नियम कडक, म्हणून आरतीचं निरांजन कुठे ठेवायचं हेसुद्धा आधी विचारून घ्यावं लागतं.

नुसतं तिकीट काढून, जेवून, फोटो काढून परत आलात तर पुढच्या वर्षीही तुम्ही तिथे परकेच. सजावटीच्या आदल्या संध्याकाळी जा. खुर्च्या लावताना, मोदकांच्या उकडीवर ओला रुमाल झाकताना, सभागृहाची किल्ली परत करायच्या आधी फरशी पुसताना जी ओळख होते, तिच्यावरच मूल आजारी पडल्यावर रात्री कुणाला फोन करायचा हे ठरतं. मुलांनाही काम द्या. लेक प्रसादाच्या वाट्या वाटायची. समोरची आजी-मावशी तिला “बाळा, इकडे दोन दे गं” म्हणायची. मराठी फक्त आईबाबांशीच बोलतात असं ती तोवर धरून चालली होती. तिथे ती अनोळखी माणसांनाही मराठीत उत्तर देऊ लागली.

मात्र प्रत्येक शनिवार-रविवार आपल्याच माणसांत घालवू नका, हेही मी तितक्याच कळकळीने सांगते. मूल सोमवारी ज्या मुलांत जातं त्यांचे सण त्याला माहीत हवेत. ५ डिसेंबरच्या रात्री दाराबाहेर बूट पुसून ठेवायचे आणि सकाळी निकोलाउसने त्यात अक्रोड, संत्रं, चॉकलेट ठेवलेलं बघायचं. हे ज्या घरात होत नाही, त्या घरचं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात गप्प बसतं.

७. मूल मोठं होतं तसे त्याचे उत्सव वेगळे होऊ द्या.

दर दोन वर्षांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे मिनी-म्युन्शन भरतं. १९७९ पासून चालत आलेलं हे मुलांचं शहर तीन आठवडे चालतं, सात ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, पूर्ण फुकट. मुलं तिथे बेकरीत, वर्तमानपत्रात, बँकेत, कचरा उचलण्यात काम करतात. पगार शहराच्या स्वतःच्या चलनात मिळतो, त्यावर कर कापला जातो. काम आणि शिक्षण दोन्ही पुरेसं केलं की पूर्ण नागरिकत्व मिळतं आणि महापौराच्या निवडणुकीत भाग घेता येतो. आईबापांना मनाला येईल तसं आत हिंडता येत नाही. लेक पहिल्यांदा गेली तेव्हा डबा तसाच परत आला, कारण तिने स्वतःच्या पगारातून जेवण घेतलं होतं. मी आजवर पाहिलेल्या मुलांच्या उपक्रमांत याला तोड नाही. या वयाचं मूल घेऊन म्युनिकला येणाऱ्यांनी सुट्टीत भारतात जायची तिकिटं काढायच्या आधी त्या वर्षी ते आहे का, एवढं जरूर बघावं.

८. आपल्या सणाला त्यांना बोलवा, आणि नीट बोलवा.

“या कधीतरी” असं म्हटलं की इथे कुणी येत नाही. कागदावर तारीख लिहा, सुरू व्हायची वेळ लिहा आणि संपायचीही लिहा. तीन म्हणजे तीनला घंटी वाजते, त्यामुळे चकल्या पावणेतीनला तळून झालेल्या हव्यात. मुलांच्या हाताला काहीतरी द्या: रांगोळी, पणत्या रंगवणं, लाडू वळणं. आमच्याकडे दिवाळीला किटातली मुलं आली तेव्हा रव्याचे लाडू वळताना सर्वांत जास्त रमले ते एका मुलाचे बाबा. रांगोळी आपल्या दाराच्या आत काढा, जिना सगळ्यांचा असतो. संध्याकाळी गोंगाट होणार असेल तर दोन दिवस आधी खालच्या-वरच्या मजल्यावर चिठ्ठी लावा आणि तिच्यासोबत चिवड्याची पुडी ठेवा. आणि बोलावण्याआधी खाली घंटीच्या पाटीवर आपलं आडनाव स्वच्छ अक्षरात आहे ना ते बघून या. फ्लॅटला नंबर नसतो, पाहुणे आडनाव वाचूनच घंटी दाबतात.