कंबरदुखीची पारख

कंबर कधीच दुखली नाही असा प्रौढ मनुष्य विरळा. कोणी म्हणतो उसण भरली, कोणी म्हणतो वायू धरला, तर कोणी मणक्यात ‘गॅप’ आला म्हणून धास्तावतो. या दुखण्याची पारख वैद्यक कशी करते, ते आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. हेतू इतकाच की, वाचकांनी उगाच भिऊ नये आणि भिण्याजोगे असेल तेथे वेळ दवडू नये.

प्रथम कण्याची रचना पाहू. मानेचे ७, छातीमागचे १२ व कमरेचे ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्यामध्ये कूर्चेच्या गाद्या असतात. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तेथून खाली मज्जातंतूंचा घोड्याच्या शेपटीसारखा झुबका उतरतो.

कंबरदुखीचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला साध्या दुखण्याचा. स्नायू, सांधे किंवा गादी यांपासून ते उद्भवते. बहुतेक रोगी याच वर्गात मोडतात आणि पुष्कळांना काही आठवड्यांत आराम पडतो. दुसरा वर्ग नस दबल्याचा. गादी सरकून नसेवर आली की कळ ढुंगणापासून गुडघ्याखाली पावलापर्यंत जाते, हीच सायटिका. उतारवयात कण्याची नळी अरुंद झाली, तर चालताना पाय भरून येतात व पुढे वाकून बसले की बरे वाटते. तिसरा वर्ग लहान, परंतु महत्त्वाचा: मणक्याचा क्षय, कर्करोगाची गाठ, ठिसूळ झालेला मणका चेपणे आणि तरुणपणी कणा आखडणारा संधिवात.

वर्ग ठरविण्याचे पहिले साधन म्हणजे विचारपूस. दुखणे केव्हापासून आहे? रात्री झोपेतून उठवते काय? संध्याकाळी ताप येतो काय, वजन घटले काय? पहाटे कंबर आखडते आणि विश्रांतीऐवजी हालचालीनेच सैल होते काय? या शेवटच्या प्रश्नास तिशीच्या आतील तरुणाने महिनोन्‌महिने ‘होय’ म्हटले, तर संधिवाताचा संशय घ्यावा लागतो.

मग तपासणी. रोग्यास उताणे निजवून त्याचा सरळ पाय हळूहळू वर उचलतात. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पायात गुडघ्याखाली कळ गेली, तर नस दबल्याचा संशय बळावतो. पॅरिसचे वैद्य लासेग यांच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते; त्यांचे शिष्य फॉर्स्ट यांनी १८८१ साली ती आपल्या प्रबंधात मांडली. गृध्रसीत पाय उचलण्यास अटकाव होतो, हे निरीक्षण सुश्रुतसंहितेतही आहे. पुढे टाचांवर व चवड्यांवर चालावयास सांगतात, पायाच्या अंगठ्याचा जोर पाहतात, घोट्यामागे हातोडीने ठोकतात आणि संवेदना तपासतात. कोणती नस दबली आहे, याचा बराच उलगडा एवढ्यावरून होतो.

एम. आर. आय. चे चित्र त्यानंतरचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, कसलीही पाठदुखी नसलेल्या माणसांची चित्रे पाहिली असता, विशीतल्या सुमारे ३७ टक्के व ऐंशीच्या घरातील सुमारे ९६ टक्के लोकांत गादीची झीज आढळली. म्हणजे झीज ही बहुधा पिकल्या केसांसारखी वयाची खूण असते. चित्र आणि लक्षणे जुळली तरच चित्रास अर्थ येतो.

आता सावधगिरीच्या खुणा. लघवी अडली किंवा तिच्यावरचा अथवा शौचावरचा ताबा गेला, बसण्याची जागा बधिर झाली, पायांतील शक्ती झपाट्याने कमी झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तो मज्जातंतूंचा झुबका दाबला गेल्यास तासांचा हिशेब असतो, आणि उशीर झाला तर पांगळेपणा किंवा लघवीचा दोष जन्मभर राहू शकतो. विशेषतः भगिनींनी अशी लक्षणे लाजेपायी लपवू नयेत. ताप, घटते वजन व रात्रीची वेदना असल्यास, किंवा पाठीवर नव्याने उंचवटा दिसल्यास क्षयाची तपासणी करावी. मणक्याचा क्षय औषधांनी बरा होतो. सरकारी क्षयनिवारण कार्यक्रमात ती विनामूल्य मिळतात. मात्र बहुधा वर्षभर, खंड न पाडता घ्यावी लागतात. पूर्वी कर्करोग झालेल्यांनी आणि पडल्यानंतर पाठ दुखू लागलेल्या वृद्धांनीही विलंब करू नये.

यांपैकी काही नसेल, तर निश्चिंत असावे. पूर्वी अशा रोग्यास आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. तसे केल्याने स्नायू दुबळे होतात व दुखणे लांबते, हे आता सिद्ध झाले आहे. शेक घ्यावा, झेपेल तितके चालावे, नित्याची कामे लवकर सुरू करावीत आणि आराम पडल्यावर व्यायाम सोडू नये. कणा हालचालीसाठीच घडलेला आहे. त्याला फार जपून ठेवण्यानेच तो पुष्कळदा रुसतो.