पाचशेतली एक प्रत

छोटे, तुझा निरोप वाचला. इंग्लंडहून सोल गाण्याची सात इंची रेकॉर्ड, नव्यानं छापलेली, जगात फक्त पाचशे, आणि रात्री बाराला विक्री सुरू. घ्यायची की नाही ते तूच ठरव. पण बारा वाजायच्या आत माझं ऐकून घे.

आकड्यानं हुरळू नकोस. मूळ रेकॉर्डी दुर्मीळ का झाल्या, ते बघ. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या लहानसहान कंपन्यांनी काढलेली कितीतरी गाणी चाललीच नाहीत. पुढं उत्तर इंग्लंडातल्या पोरापोरींना त्याच पडलेल्या गाण्यांवर रात्रभर नाचायचं वेड लागलं. विगन कसिनो हे त्यांचं गाजलेलं ठिकाण, १९७३ ते १९८१. आपलं गाणं दुसऱ्याला सापडू नये म्हणून डीजे लेबलावर कागद चिकटवून नाव झाकायचे. फ्रँक विल्सन या गायकाच्या १९६५च्या रेकॉर्डच्या तर बोटांवर मोजण्याएवढ्याच मूळ प्रती उरल्या. त्यातली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली. ती टंचाई विक्रीसाठी कुणी मुद्दाम केली नव्हती. तुझी पाचशेची मात्र ठरवून केलेली आहे.

म्हणून नवी छपाई वाईट, असं नाही हं. मला तर तीच आवडते. गाणं कानावर पडतं आणि घर गहाण टाकावं लागत नाही. फक्त दोन गोष्टी विचार: मूळ टेपवरून काढली का, आणि गायकाच्या घरी पैसे जाणार का. चोरून छापणारे या धंद्यात पहिल्यापासून आहेत. गाणं संपल्यावर लेबलापाशी जी गुळगुळीत पट्टी असते, तिथं नंबर कोरलेले असतात. त्यांचा फोटो माग, लाजू नकोस. टपाल आणि कस्टम धरून किंमत काढ, म्हणजे निम्मा उत्साह आपोआप उतरेल.

आणि तो सुटकेससारखा दिसणारा स्वस्त प्लेअर घेऊ नकोस बापा, त्याची सुई रेकॉर्डवर फार जड पडते. रेकॉर्डी उभ्या ठेव, एकीवर एक रचू नकोस. मे महिन्यात इकडं तर आणूच नकोस, आपल्या टिनाखालच्या खोलीत त्या पापडासारख्या वाकतील. पावसाळ्यात इटियाडोह धरणाकडची ओल कागदी पाकिटांना धरते, तेही आहेच.

आता खरं मनातलं सांगते. तू जगभर शोधतेस, पण आपल्या अर्जुनी-वडशाकडच्या जुन्या लाऊडस्पीकरवाल्यांच्या पेट्या कुणी उघडून बघितल्यात? लग्न, मंडईची जत्रा, नाटकाआधीचा भोंगा, सगळीकडं त्यांच्याच रेकॉर्डी वाजायच्या. एचएमव्हीच्या चार-चार गाण्यांच्या लहान रेकॉर्डी, त्याआधीच्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. ब्रिटनमध्ये ७८च्या रेकॉर्डी १९६०च्या सुमारास थांबल्या. आपल्याकडं कलकत्त्याजवळ दमदमला पुढंही निघत राहिल्या, अगदी बीटल्सच्यासुद्धा, आणि त्यांच्यामागं आज परदेशी संग्राहक धावतात. आपल्याकडच्या पेटीत बीटल्स निघतील असं मी म्हणत नाही. निघालंच तर एखादं विसरलेलं मराठी गाणं निघेल, जे कुणी पुन्हा छापलेलं नाही आणि छापणारही नाही. भंगारवाला ते वजनावर नेतो.

मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी जुन्या रेकॉर्डींची माहिती चिकाटीनं गोळा केली, लिहून ठेवली. त्यांच्याकडून शिकण्यासारखं हेच, की रेकॉर्ड मिळाली की लेबलावरचा नंबर, गायक, कुणाकडून आणि कुठून मिळाली, हे त्याच दिवशी वहीत उतरवायचं.

दिवाळीनंतर येशील तेव्हा मंडईला जाऊ, नाटकही बघू, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या लाऊडस्पीकरवाल्यांची घरं शोधू. भाव करायचं माझ्यावर सोड, तू मधे बोलू नकोस. तुझे डोळे चमकले की किंमत दुप्पट होते. ७८च्या रेकॉर्डींना वेगळी, जाड टोकाची सुई लागते. ती तेवढी पुण्याहून घेऊन ये.