विनंतिपत्रापासून विद्रोहापर्यंत



भाजे येथील लेण्यांच्या पायथ्याशी भरलेल्या अभ्यासवर्गात एका ताईंनी विचारले, ‘‘गुरुजी, जात इंग्रजांनी आणली काय?’’

नाही. जात त्यांच्या कितीतरी आधीची. पेशवाईत आमच्या पूर्वजांनी ती पुरेपूर भोगली. पण इंग्रजांनी ती सरकारी कागदावर पक्की केली. १९०१ च्या जनगणनेत रिस्ले साहेबाने जातींची सामाजिक मानानुसार उतरंडच लावायला घेतली. मग वरची पायरी मिळावी म्हणून जातीजातींचे अर्ज सुरू झाले.

सैन्याची गोष्ट याहून बोचरी आहे. १८१८ साली कोरेगावला महार शिपाई इंग्रजांच्या बाजूने लढले. पलटणीच्या शाळांतून आमच्या लोकांना अक्षरे भेटली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी तेथलेच शिक्षक. आणि १८९० नंतर ‘लढाऊ जाती’ अशी नवी कल्पना काढून त्याच सरकारने महारांची भरती थांबवली! तेव्हा सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये विनंतिपत्र लिहिले. आम्ही मूळचे क्षत्रिय, असे त्यात मांडावे लागले. राज्यकर्त्याच्या मापानेच आपली उंची मोजून दाखवायची! गोपाळबाबांना मी दोष देत नाही. विटाळावर आसूड ओढणारी पुस्तिका त्यांनी १८८८ मध्येच लिहिली होती. पण अर्जाला अर्जाचीच भाषा असते.

इंग्रज १९४७ साली गेले, उतरंड राहिली. १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. त्या नावाच्या कथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो. रेल्वे इंग्रजांनी आणलेली. आपल्या मळवलीवरून धावते तीच. डब्यात सारे शेजारी बसतात, पण परगावी राहायला खोली हवी तर जात विचारतात. तो लपवतो, उघडकीस येताच मार खातो. मारणाऱ्यांपेक्षा तो मनूला जबाबदार धरतो. येथे कोणापुढे अर्ज नाही, क्षत्रियत्वाचा दाखला नाही. लपवण्याची लाज लेखकाने लपवणाऱ्याच्या माथ्यावरून काढून विचारणाऱ्याच्या दारात ठेवली. माझ्या मते विद्रोह तो हाच. नुसत्या शिव्यांना मी विद्रोह म्हणत नाही.

वर्ग सुटल्यावर त्या ताई मागे थांबल्या. मुलगा शहरात नोकरीला आहे, खोली घेताना त्याने आडनाव दुसरेच सांगितले, असे हळूच म्हणाल्या. पुस्तक त्यांनी मागून नेले. पुढच्या वर्गाला त्याला घेऊन या, एवढेच मी सांगितले आहे.